ऑक्टोबरात सगळेच येतात : ब्लॅक मतदारांची मतं मिळतात कशी?

निशिगंध_नोव्हाय
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

गेल्या वर्षी याच दिवसांत मी डेट्रॉईटच्या पश्चिम भागातल्या एका गल्लीत दारोदार फिरत होते. हातात पत्रकं, गळ्यात बिल्ला, बरोबर मंडळातली एक मैत्रीण. काम कमला हॅरिसच्या प्रचाराचं. एका घराच्या ओट्यावर (इथे पोर्च म्हणतात, पण बसण्याची ऐट आपल्या ओट्यावरचीच) एक आजोबा पांघरूण घेऊन बसले होते. त्यांनी पत्रक घेतलं, चष्मा चढवून दोन्ही बाजूंनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "ऑक्टोबरात सगळेच येतात. एकदा मार्चमध्ये या. रस्त्याला खड्डे पडलेले असतात तेव्हा."

मी विचारलं, मत देणार ना पण?

"मी १९६८ पासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. माझी काळजी सोड. पलीकडच्या घरात एक पोरगा राहतो, त्याच्याकडे जा."

पलीकडच्या पोराने दारच उघडलं नाही.

हे सगळं परवा आठवलं, कारण मंडळाच्या गप्पांत कोणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं : "ब्लॅक लोकांचं काय, ठरलेलं असतं, डेमोक्रॅट्सनाच देतात." ठरलेलं असतं तर उमेदवार दर चार वर्षांनी चर्चच्या बाकांवर जाऊन का बसतात? वर्षभर मिळेल ते वाचलं, लोकांना विचारलं. जे कळलं ते मांडते, जाणकारांनी भर घालावी.

फेब्रुवारी २०२० आठवा. डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुका, चालू होत्या. ज्यो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. पेपरवाल्यांनी तेराव्याची तयारी सुरू केली होती. ही दोन्ही राज्यं जवळजवळ गोरी. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना आलं. तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतदार ब्लॅक असतात. बायडनना ४८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, सँडर्सना २० च्या आसपास. तीनच दिवसांनी सुपर ट्यूसडेला (एकाच दिवशी अनेक राज्यांत प्रायमरी होतात तो मंगळवार) १४ पैकी १० राज्यं बायडनची.

मधे काय घडलं? मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला. ते स्वतः सांगतात ती गोष्ट अशी : आपल्या जुन्या हिशेबनिसाच्या अंत्यविधीसाठी ते एका छोट्या चर्चमध्ये गेले होते. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना खुणेनं बोलावलं आणि विचारलं, कोणाला मत देणार? मोठ्याने सांगायचं नसेल तर कानात सांग. त्यांनी कानात सांगितलं. बाई म्हणाल्या, हेच ऐकायचं होतं, आमच्यातल्या सगळ्यांनाच ऐकायचंय. पाठिंब्याच्या भाषणातलं क्लायबर्न यांचं वाक्य पुढे गाजलं. ज्योला आम्ही ओळखतो, पण मुख्य म्हणजे ज्यो आम्हाला ओळखतो.

आता गंमत बघा. बायडन काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १९९४ च्या ज्या गुन्हेगारी कायद्यावर हजारो ब्लॅक तरुणांना तुरुंगात घातल्याचा आरोप होतो, तो त्यांचाच. सत्तरच्या दशकात मुलांना दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत बसने नेऊन शाळा मिश्र करण्याच्या योजनेला त्यांनी विरोध केलेला. वंशभेदाचा झेंडा मिरवलेल्या स्ट्रॉम थर्मंड यांच्या अंत्यविधीत भाषणही केलेलं. तरी मतं त्यांनाच. का? ओबामांच्या मागे आठ वर्षं उभा राहिलेला माणूस, हे एक. दुसरा असतो तो हिशेब : गोरा मतदार शेवटी कोणाला स्वीकारेल? आपल्याला कोण आवडतं यापेक्षा ट्रम्पना कोण पाडू शकतं, हे या मतदारांनी पाहिलं.

बोला.

---

वाळवंटातला_बोका

आरामखुर्ची आणि पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पुलेशु.

---

रोखठोक_रघू

निशिगंधताई, लिहिलंय छान, पण एवढा पिसारा कशाला? नव्वद टक्के मतं वर्षानुवर्षं एकाच पक्षाला जात असतील तर त्याला 'मतं मिळवणं' म्हणत नाहीत, व्होट बँक म्हणतात. आपल्याकडे म्हणतो तसंच. उमेदवार चर्चमध्ये जातो, टाळ्या वाजवतो, तळलेलं चिकन खातो, झालं. बायडन काय आणि आणखी कोण काय.

---

जुनी_वही

रघू, व्होट बँक म्हणायच्या आधी खातं कुठून कुठे गेलं ते बघा.

यादवी युद्धानंतर ब्लॅक मतदार म्हणजे रिपब्लिकन, हे समीकरण होतं. लिंकनचा पक्ष ना. ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात फिरलं १९३६ मध्ये, रूझवेल्टच्या वेळी. कारण पोटाचं होतं, मंदीतली सरकारी कामं. तरी १९५६ मध्ये आयझेनहॉवरला ब्लॅक मतांपैकी जवळपास ४० टक्के मिळाली होती. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ही मतं खरोखर कोणाचीही होती.

मग १९६०, केनेडी विरुद्ध निक्सन. हा किस्सा मला फार आवडतो, त्यामुळे लांबण लावणार आहे.

ऑक्टोबरात अटलांटातल्या रिचेस नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये धरणं धरलं म्हणून मार्टिन ल्यूथर किंगना अटक झाली. बाकीचे सुटले, पण किंगना सोडलं नाही. आधी कधीतरी दुसऱ्या राज्याच्या लायसन्सवर गाडी चालवल्याची केस होती. त्या प्रोबेशनचा भंग झाला, असं सांगून न्यायाधीशाने चार महिने सक्तमजुरी सुनावली आणि रात्रीतून रीड्सव्हिलच्या तुरुंगात नेलं. कोरेटा किंग गरोदर. जॉर्जियाच्या तुरुंगात ब्लॅक माणसाचं काय होऊ शकतं, हे त्यांना सांगायला नको होतं.

केनेडींच्या प्रचारातल्या हॅरिस वॉफर्ड आणि सार्जंट श्रायव्हर या दोघांनी सुचवलं की बाईंना एक फोन करा. केनेडींनी केला. मिनिट-दोन मिनिटांचं बोलणं. हे कळल्यावर धाकटे भाऊ रॉबर्ट आधी भडकले, दक्षिणेतली गोरी मतं जातील म्हणून, आणि मग त्यांनी स्वतःच न्यायाधीशाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी किंग बाहेर. निक्सनची किंगशी चांगली ओळख होती, पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

किंगचे वडील, सगळे त्यांना डॅडी किंग म्हणत, बाप्टिस्ट पाद्री. केनेडी कॅथलिक म्हणून त्यांचा कल निक्सनकडे होता. त्यांनी चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं की माझ्याकडे मतांनी भरलेली एक सुटकेस आहे आणि ती मी आता केनेडींच्या पदरात टाकणार. गोऱ्या वर्तमानपत्रांत याचा फार गवगवा होऊ दिला नाही. निळ्या कागदावर एक पत्रक छापलं आणि निवडणुकीच्या आधीच्या रविवारी ब्लॅक चर्चच्या दारात लाखांनी वाटलं. त्यातला मथळा साधारण असा : 'नो कॉमेंट' निक्सन विरुद्ध काळीज असलेला उमेदवार.

देशभरात केनेडी सव्वा लाखाहूनही कमी मतांनी पुढे होते. इलिनॉयमध्ये तर नऊ हजारांच्या आसपास.

आणि १९६४ मध्ये रिपब्लिकनांनी उमेदवारी दिली बॅरी गोल्डवॉटरना. त्यांनी त्याच वर्षी नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. तिथे दार बंद झालं ते आजतागायत. एका पक्षाने हाकलल्यावर माणूस दुसऱ्याच्या घरात राहिला, तर त्याला व्होट बँक म्हणायचं का?

---

रोखठोक_रघू

किस्सा झकास. पण एका फोनवर मत फिरलं, म्हणजे भावनिकच झालं की.

---

जुनी_वही

तुमचा नवरा सक्तमजुरीवर असता आणि दोनपैकी एकानेच फोन केला असता, तर तुम्ही भावनिक झाला असता की निष्कर्ष काढला असता?

---

निशिगंध_नोव्हाय

रघू, आणखी एक. खरी लढत बऱ्याचदा दोन पक्षांत नसतेच, घरी बसण्याशी असते. २०१२ मध्ये जनगणना खात्याच्या पाहणीनुसार ब्लॅक मतदारांपैकी ६६.२ टक्क्यांनी मत दिलं, गोऱ्यांपेक्षाही जास्त. २०१६ ला ते ५९.६ वर आलं. आमच्या डेट्रॉईट शहरात हिलरींना ओबामांच्या २०१२ च्या मानाने साधारण ४७ हजार मतं कमी पडली. ट्रम्पनी अख्खं मिशिगन जिंकलं १०,७०४ मतांनी. ते ४७ हजार काही सगळे पलीकडे गेले नव्हते. शहराची वस्तीही घटली होती, हे धरूनसुद्धा आकडा बोलतो. दार न उघडणारा तो पोरगा म्हणूनच माझ्या डोक्यातून जात नाही.

---

कोलंबियाची_काकू

वाचतेय दोन दिवस. आता राहवत नाही.

मी साउथ कॅरोलायनाच्या कोलंबियात २३ वर्षं आहे, माझ्या दवाखान्यात येणारे निम्मे लोक ब्लॅक आहेत. निशिगंध, तुझी बायडनची गोष्ट बरोबर आहे, पण बाहेरून पाहिल्यासारखी आहे. क्लायबर्न बोलले म्हणून लोक गेले असं नव्हे. लोकांचं मन होतंच, पण आयोवानंतर डळमळलं होतं. 'मी एकटीच या माणसाला मत देऊन वाया घालवत नाही ना', एवढीच शंका होती. ती शंका क्लायबर्ननी काढली. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याने मान डोलावली की बाकीचे मोकळे होतात ना, तसं.

आणि ती मान डोलावण्याचा अधिकार फुकट आलेला नाही. १९६० मध्ये ऑरेंजबर्गला विद्यार्थ्यांच्या मोर्चात क्लायबर्नना पकडलं. तुरुंगात भूक लागलेली, तर एका मुलीने आपला अर्धा हॅम्बर्गर दिला. तिच्याशीच लग्न झालं. एमिली बाई २०१९ मध्ये गेल्या. जायच्या आधी नवऱ्याला म्हणाल्या होत्या की जिंकायचं असेल तर बायडनच. इथे हे सगळ्यांना माहीत आहे.

क्लायबर्न यांचा फिश फ्राय म्हणून एक कार्यक्रम असतो. १९९२ पासून. तळलेला व्हायटिंग मासा आणि पांढऱ्या पावाचे तुकडे, बाकी काही नाही. सुरुवात झाली ती पक्षाच्या महागड्या जेवणावळीचं तिकीट न परवडणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी. २०१९ च्या जूनमध्ये तिथे अध्यक्षपदाचे २१ उमेदवार आले होते, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट घालायला लावले होते. मी गेले होते. गर्दीत माझ्या शेजारी उभी असलेली माझी पेशंट, शाळेची निवृत्त बसचालक, भाषणं ऐकत नव्हती. कोण उमेदवार भाषण झाल्यावर थांबतो आणि कोण गाडीत बसतो, तेवढं बघत होती. नावं घेऊन मला सांगत होती, हा गेला, ही गेली, हा अजून आहे.

आता चर्चबद्दल. बाहेरच्यांना वाटतं चर्चमध्ये गेलं की झालं. १ मार्च २०२० ला सेल्माच्या (अलाबामातलं गाव, १९६५ चा मतदान हक्काचा मोर्चा निघाला ते) ब्राऊन चॅपल चर्चमध्ये मायकेल ब्लूमबर्ग बोलायला उभे राहिले. न्यू यॉर्कचे महापौर असताना रस्त्यात अडवून झडती घेण्याचं धोरण त्यांनी वर्षानुवर्षं रेटलं आणि माफी मागितली ती थेट उमेदवारी जाहीर करायच्या आठवडाभर आधी, तीही ब्रुकलिनच्या एका ब्लॅक चर्चमध्ये. सेल्मात ते बोलत असताना काही जण बाकांवरून उठले आणि पाठ फिरवून उभे राहिले. आवाज नाही, घोषणा नाही. त्या गृहस्थांनी अब्जाच्या घरात डॉलर ओतले आणि सुपर ट्यूसडेला हाती लागलं ते पॅसिफिकमधलं एवढंसं अमेरिकन सामोआ.

त्याच शर्यतीतल्या पीट बूटजज यांचं तर मला वाईटच वाटतं. हुशार माणूस. ब्लॅक समाजासाठी गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने मोठी योजना काढली, कागदावर चांगली होती. वेबसाइटवर फोटो लावला तो विकतच्या फोटोंमधला, केनियातल्या एका बाईचा! साउथ बेंडचे महापौर असताना तिथल्या ब्लॅक वस्तीशी आधीच बिनसलेलं, त्यात हे. माझी पेशंट म्हणाली, "योजना आमची आणि फोटोसाठी आमच्यातलं कोणी सापडलं नाही?"

---

वाळवंटातला_बोका

काकू, __/\__

पॉपकॉर्न ठेवून दिले. मासा तळायला घेतो.

---

चिकोडीचा_शिलेदार

हा धागा मिशिगनवरचा आणि अजून कोणी श्री ठाणेदारांचं नाव काढलं नाही? आमच्या चिकोडीत जन्मलेला, बेळगावात गरिबीत वाढलेला माणूस. आज डेट्रॉईटचा खासदार! आत्मचरित्र मराठीत लिहिलेलं, आमच्याकडे घराघरात वाचलंय. मराठी माणसाने ब्लॅक मतदारांचा विश्वास मिळवला, यापेक्षा मोठा दाखला काय हवा? अभिमान वाटायला पाहिजे.

---

निशिगंध_नोव्हाय

शिलेदार, नाव मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, कारण ते प्रकरण सोपं नाही. पण आता काढलंच आहे तर.

२०१८ मध्ये ते गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले. स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर घातले. राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉईट शहरात मतं भरघोस मिळाली. का? तिथल्या लोकांचं म्हणणं, जाहिराती जिकडे-तिकडे होत्या आणि इतर उमेदवार शहरात फारसे फिरकलेच नाहीत. मग ते अॅन आर्बर सोडून डेट्रॉईटला राहायला आले, २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत आणि २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये.

२०२२ ची प्रायमरी नीट बघा. ब्लॅक उमेदवार बरेच होते. वेन काउंटीचे (डेट्रॉईट यातच येतं) प्रमुख वॉरन एव्हन्स यांनी पुढाकार घेऊन ब्लॅक नेत्यांनी एकाच्या, अॅडम हॉलियरच्या, मागे उभं राहावं असा प्रयत्न केला. जमलं नाही, मतं फुटली. ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर जिंकले. परिणाम असा की १९५५ पासून पहिल्यांदाच डेट्रॉईटचा एकही ब्लॅक खासदार उरला नाही. ज्या शहराची तीन-चतुर्थांशाहून जास्त वस्ती ब्लॅक आहे, तिथे. मराठी म्हणून मला त्यांचा प्रवास थक्क करतो. डेट्रॉईटच्या माझ्या सहकारी बाईंना मात्र जखम वाटते, आणि ती त्यांनी मला 'तुमच्यातलाच ना तो' म्हणून बोलूनही दाखवली.

तरी '२८ टक्के नशिबाने मिळाले' असंही मी म्हणणार नाही. २०२४ ला ते पुन्हा निवडून आले. गरिबीची त्यांची गोष्ट लोकांना पटते, खोटी वाटत नाही. कार्यालयाकडून कामं होतात असं सांगणारेही भेटले, फक्त फलकांवर दिसतात म्हणणारेही भेटले. २०२६ च्या प्रायमरीत डोनवन मॅकिनी हा डेट्रॉईटचाच ब्लॅक आमदार समोर आहे. तेव्हा कळेल, विश्वास किती आणि फलक किती.

---

चिकोडीचा_शिलेदार

बरं. पण पैसे ओतून मिळत नाही म्हणून काकूंनी ब्लूमबर्ग सांगितला आणि तुम्ही पैसे ओतून मिळालेलं सांगताय. ठरवा एकदा.

---

निशिगंध_नोव्हाय

नाही ठरवता येत. पैशाने नाव ओळखीचं होतं, एवढं मान्य. ब्लूमबर्गचं नाव आधीच ओळखीचं होतं, तीच अडचण होती.

---

नागसेनवनातला

चर्चा चांगली चालली आहे. ठाणेदारांच्या निमित्ताने एक गोष्ट मांडतो, इथे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नसावी.

आपल्याकडे राखीव मतदारसंघात उमेदवार कोणत्या समाजाचा हे ठरलेलं असतं, पण मतदार सगळे असतात. पुणे करारानंतर ही व्यवस्था आली. परिणाम : दलित उमेदवार निवडून येतो, पण बहुसंख्याकांना रुचेल तोच. स्वतंत्र मतदारसंघ हवेत असं बाबासाहेब का म्हणत होते ते यातच आलं. अमेरिकेत बरोबर उलटं आहे. मतदान हक्क कायद्याच्या आधाराने मतदारसंघाच्या सीमा अशा आखल्या जातात की ब्लॅक मतदारांना आपल्या पसंतीचा माणूस निवडता यावा, पण उभं राहायला कोणीही मोकळा. म्हणजे मतदार जमवलेले आणि उमेदवार खुला. ठाणेदार तिथून निवडून येऊ शकतात ते त्यामुळे, आणि डेट्रॉईटकरांना हळहळ वाटते तीही त्यामुळेच. त्यात २०२१ नंतरच्या नव्या नकाशात शहराचे तुकडे उपनगरांना जोडले गेले.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या निग्रोंनी (तेव्हाचा शब्द) संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, त्याच्या प्रती मागवल्या होत्या. डु बॉईस यांचं उत्तरही आलं. १९७२ ची दलित पँथर तर नावापासूनच तिकडची, ब्लॅक पँथरवरून. म्हणून 'व्होट बँक' हा शब्द वाचला की मला दोन्हीकडचं आठवतं. आमच्या वस्तीतही ऑक्टोबरात सगळेच येतात.

---

जुनी_वही

+१. राखीव मतदारसंघांची ही तुलना मी कधी अशी केली नव्हती.

---

सुगरण_सॅन_होजे

छान धागा. पण ते काळे लोक आपल्याला तरी कुठे आपलं मानतात? आमच्या इथे तर

---

कोलंबियाची_काकू

सुगरण, आधी 'ते काळे लोक' सोड. ब्लॅक म्हण, आफ्रिकन-अमेरिकन म्हण, कृष्णवर्णीय म्हण. आणि आपण १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे या देशात आलो. तो ज्या वाऱ्यावर मंजूर झाला तो नागरी हक्क चळवळीचा होता. एवढं बोलून थांबते, धागा भरकटायला नको.

---

ह्यूस्टनचा_हरी

सगळे २०२० वरच अडकलात. २०२४ बघा की. हॅरिस स्वतः हॉवर्ड या ब्लॅक परंपरेच्या विद्यापीठात शिकलेल्या, अल्फा कप्पा अल्फा या ब्लॅक विद्यार्थिनींच्या संघटनेच्या सदस्य. बायडननी माघार घेतली त्याच रात्री ४४ हजार ब्लॅक बायका एका झूम कॉलवर जमल्या. बायकांची मतं अभेद्य राहिली. गळती झाली ती पुरुषांत, विशेषतः तरुणांत.

माझ्या कामावर एक जण आहे, तिशीतला, स्वतःचा ट्रक. तो म्हणाला, माझी आजी सेल्माची गोष्ट सांगते, मी मान देतो, पण माझा ट्रकचा हप्ता सेल्मा भरत नाही. १० ऑक्टोबरला ओबामा पिट्सबर्गला ब्लॅक पुरुषांना उद्देशून बोलले, की बाई अध्यक्ष व्हावी हे तुम्हाला पचत नाहीये. तो म्हणाला, "मला रागावायला आले होते." त्यानंतर चार दिवसांत हॅरिसची ब्लॅक पुरुषांसाठीची योजना आली. धंद्यासाठी वीस हजार डॉलरपर्यंत माफ होणारं कर्ज, गांजा कायदेशीर, वगैरे. वाईट नव्हती. पण १४ ऑक्टोबरला! निशिगंधताईंच्या आजोबांचा महिना.

---

रोखठोक_रघू

हरीच्या ट्रकवाल्याशी मी सहमत. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय की गृहीत धरलं जातंय.

---

जुनी_वही

नाही, तुम्ही पहिल्यांदा चिकन म्हणाला होता.

---

शिकागोचा_शिरा

खड्डे आणि बर्फ निघालंय म्हणून आमच्या गावची भर.

जानेवारी १९७९ मध्ये शिकागोत प्रचंड बर्फ पडलं. उन्नत रेल्वे उशिराने धावत होती, तर वेळ भरून काढायला गाड्या ब्लॅक वस्त्यांमधल्या स्टेशनांवर थांबवणंच बंद केलं. उपनगरातले गोरे नोकरदार बसलेली गाडी डोळ्यासमोरून निघून जातेय आणि फलाटावर हे गारठून उभे. विचार करा, दादर गाठायला उशीर होतो म्हणून लोकल कुर्ल्याला थांबवलीच नाही तर? फेब्रुवारीत प्रायमरी होती. महापौर बिलँडिक, मागे अख्खी पक्षयंत्रणा, जेन बर्न नावाच्या बाईंकडून हरले. ब्लॅक मतांनी घात केला.

मग बर्नबाईंना वाटलं ही मतं आपलीच. सरकारी घरांच्या मंडळावर ब्लॅक सदस्यांच्या जागी गोरे नेमले. लोकांनी १९८२ मध्ये त्यांच्या लाडक्या शिकागोफेस्टवर बहिष्कार टाकला. हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांना उभं राहा म्हणून आग्रह झाला तर ते म्हणाले, आधी पन्नास हजार नवे मतदार नोंदवून आणा, मग बोलू. लोकांनी लाखाच्या वर नोंदवले. १९८३ मध्ये वॉशिंग्टन शिकागोचे पहिले ब्लॅक महापौर. उमेदवाराने मतदारांची परीक्षा घ्यावी असं उदाहरण मी दुसरं ऐकलेलं नाही.

---

जुनी_वही

शिराभाऊ, भन्नाट. याच्या उलट टोकाचं एक देतो.

डिसेंबर २०१७, अलाबामा. सिनेटची पोटनिवडणूक. डेमोक्रॅट डग जोन्स, गोरा वकील, अलाबामासारख्या राज्यात रिपब्लिकन रॉय मूर यांना २२ हजारांच्या आसपास मतांनी हरवतो. मतदानोत्तर पाहणीत ब्लॅक बायकांपैकी ९८ टक्के त्याच्याकडे. सगळ्यांनी लिहिलं, मूरवरचे आरोप, ट्विटर, अमुक-तमुक. खरं आहे तेही. पण १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या सिक्सटीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या बॉम्बने चार मुली मारल्या होत्या. खटले रखडले ते रखडलेच. २००१ आणि २००२ मध्ये उरलेल्या दोघांना जन्मठेपेपर्यंत नेणारा सरकारी वकील म्हणजे हा डग जोन्स. पंधरा वर्षांनी मत मागायला आला तेव्हा बर्मिंगहॅममध्ये त्याला ओळख करून द्यावी लागली नाही.

---

निशिगंध_नोव्हाय

हे वाचून आमचे माइक डग्गन आठवले. डेट्रॉईटला १९७४ ते २०१३ सलग ब्लॅक महापौर होते. २०१३ मध्ये डग्गन हा गोरा माणूस उभा राहिला. रहिवासाच्या नियमाच्या तांत्रिक मुद्द्यावर प्रायमरीच्या मतपत्रिकेवरून नावच उडालं. लोकांनी त्याचं नाव हाताने लिहून त्याला पहिला आणला! सभा नाही घेतल्या त्याने, दिवाणखाने घेतले. कोणीही बोलावलं की घरी जायचं, सोफ्यावर बसायचं, ऐकायचं. शहर दिवाळखोर, चाळीस टक्के दिवे बंद. निवडून आल्यावर दिवे लागले, २०१६ च्या अखेरीपर्यंत ६५ हजार. ते आजोबा बोलता बोलता म्हणाले होते की हा खांब सहा वर्षं नुसता उभा होता. त्यांच्याकडे डग्गनबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, मालमत्ता कराच्या फुगवलेल्या आकारणीपासून. पण खांबाकडे हात करून त्यांनी आधी दिव्याचं सांगितलं.

डग्गन यांच्या जागी नवा महापौर निवडायची निवडणूक ४ नोव्हेंबर २०२५ ची. नगर परिषदेच्या तेव्हाच्या अध्यक्ष मेरी शेफील्ड विरुद्ध एका मोठ्या चर्चचे पाद्री सॉलोमन किनलॉक. दोघेही ब्लॅक, दोघेही डेट्रॉईटचे. प्रायमरीत शेफील्डना निम्म्याहून जास्त मतं होती, पाद्रीबुवा बरेच मागे. चर्च म्हणजे मतं, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

---

कोलंबियाची_काकू

निशिगंध, सगळं वाचलं. एक विचारू? मार्चमध्ये गेली होतीस का गं?

---

निशिगंध_नोव्हाय

नाही गेले, काकू. मनात होतं. मग लेकाची परीक्षा, मग आई आली पुण्याहून, मग राहूनच गेलं. गल्लीचं नाव मात्र अजून फोनमध्ये आहे.

---

वाळवंटातला_बोका

तारीख लिहून ठेवली आहे. मार्चमध्ये धागा वर काढतो.